तुकोबांच्या पुलावरून गेलेले टिळक

गेल्या चातुर्मासात सोलापुरात एके ठिकाणी आमचे कीर्तन झाले. आरती झाली, मंडळी एकमेकांच्या पाया पडून उठू लागली, तेव्हा एक वृद्ध माळकरी आमच्याजवळ येऊन टेकले. त्यांच्या नातीच्या शेजारी शाळेत एक ख्रिस्ती मुलगी बसते. आमचा देव म्हणजे प्रेमच आहे, असे तिने नातीला सांगितले. नातीने घरी येऊन आजोबांना विचारले की मग आपला विठोबा कोण? आजोबांना उत्तर सुचेना, म्हणून ते प्रश्न घेऊन आमच्याकडे आले. ख्रिस्ती लोक देवाच्या प्रेमाविषयी बोलतात ते आपल्यासारखेच की काही निराळे, एवढे त्यांना हवे होते.

वाचकहो, आमचे शिक्षण जुन्या वळणाचे. पाठशाळेत व्याकरण घोकले, थोडा न्याय झाला, मग गीता-भागवत झाले. असा प्रश्न आला की आमचा हात आधी लक्षणाकडे जातो. पण प्रेमाच्या बाबतीत खुद्द नारदमहर्षींनी भक्तिसूत्रांत हात टेकले आहेत; मुक्याला चव सांगता येत नाही तशी ही गोष्ट, असे सांगून ते मोकळे झाले. तेव्हा लक्षण बाजूला ठेवावे आणि चरित्र सांगावे हे बरे. आमच्या वारकरी कीर्तनात नारदीय कीर्तनासारखे पूर्वरंग-उत्तररंग नसतात, तरी अभंगाचे निरूपण रंगात आले की एखादे चरित्र लावावेच लागते, त्याशिवाय श्रोत्यांच्या मनात अर्थ उतरत नाही. म्हणून त्या माळकरी बाबांना आम्ही त्या रात्री रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट सांगितली. तीच येथे थोड्या विस्ताराने देत आहोत. आमच्या काही जुन्या मंडळींना वारकऱ्यांच्या मासिकात हे नाव पाहून नवल वाटेल, हे आम्ही जाणून आहोत. त्यांनी शेवटपर्यंत वाचावे, मग रागवावे.

टिळक म्हटले की लोकमान्य आठवतात. हे टिळक दुसरे. तेही कोकणातले, तेही चित्पावन, काळही तोच, आणि हट्टही काहीसा तसाच. 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे त्यांचा जन्म झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने कडक. आई जानकीबाई मात्र भाविक. ती स्वतः देवाची पदे रचीत असे. नारायणाच्या अंगात कविता आली ती आईच्या दुधातून, असे म्हणावयास हरकत नाही. मिसरूडही फुटलेले नव्हते अशा वयात त्याची आई गेली. आई गेल्यावर त्या घरात त्याचे मन राहिले नाही. तो घर सोडून नाशिकला गेला. वाचकहो, पुढे साऱ्या आयुष्यभर हा मनुष्य देवामध्ये आई शोधीत राहिला. त्याचे मूळ आम्हांला येथे दिसते.

नाशिकला त्यांना वेदशास्त्रसंपन्न गणेशशास्त्री लेले यांच्यासारखे गुरू लाभले. त्यांच्यापाशी टिळक संस्कृत शिकले, काव्यशास्त्र शिकले. इंग्रजीही थोडे झाले, पण पाठची भावंडे सांभाळावयाची असल्याने शाळा अर्धवट सुटली. 1880 साली नाशिकजवळच्या जलालपूर गावच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांना दिली. मुलगी बारा वर्षांच्या आतली. हीच पुढे लक्ष्मीबाई टिळक. मुलीच्या वडिलांचे सोवळे असे की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यावयाचा नाही. त्या सोवळ्यात वाढलेली ही पोर. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

संसार झाला, पण टिळकांचा पाय घरात ठरला नाही. आज या गावी, उद्या त्या गावी. कोठे मास्तरकी, कोठे पुराण, कोठे कीर्तन. खिशात पैसा टिकावयाचा नाही. रस्त्यात मागणारा भेटला की घरच्या पिठामिठाचे पैसे त्याच्या हातात जावयाचे आणि बायकोने उपाशी बसावयाचे. नागपुरास आप्पासाहेब बुटी या धनिकांच्या आश्रयाने ते काही काळ राहिले. तेथे जुन्या संस्कृत ग्रंथांचे काम केले, धर्मविषयक मासिक चालविले. जितके ग्रंथ पाहावे तितके मन अस्वस्थ होऊ लागले. एवढे ज्ञान, एवढे तत्त्व, आणि गावाबाहेर राहणाऱ्या माणसाची सावली चालत नाही, हा काय प्रकार, हा प्रश्न त्यांना सोडीना. नवा धर्म काढावा असेही त्यांच्या मनात घोळू लागले होते. तरुण आणि बुद्धिमान माणसाला असे वाटते. चारचौघे हसतात, पण ज्याला वाटते त्याला झोप येत नाही.

1893 साली ते नागपूरहून राजनांदगावला नोकरीच्या शोधात निघाले. आगगाडीच्या डब्यात एक गोरा गृहस्थ बसला होता. हा साहेब आहे, आपल्याला हुसकून लावणार, असे टिळकांना वाटले. तसे काही झाले नाही. त्याने सरकून जागा दिली, आदराने बोलला, संस्कृत काव्याविषयी गोष्टी केल्या. उतरताना त्याने टिळकांना ख्रिस्ती नव्या कराराची एक प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत करून तो गेला. टिळकांनी त्याचे नावही विचारले नव्हते. पुस्तक वाचीन असे वचन मात्र दिले होते, आणि दिलेला शब्द पाळावयाचा म्हणून त्यांनी ते उघडले. सुरुवातीची पाने कंटाळवाणी वाटली. पुढे येशूने डोंगरावर बसून केलेला उपदेश आला. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो पाचव्यापासून सातव्या अध्यायापर्यंत आहे. तेथे टिळक जे थांबले ते पुस्तक खाली ठेववेना.

त्या उपदेशात असे काय आहे? आम्ही तो मराठीत वाचला आहे, एकदा नव्हे, तीन-चारदा. त्यात वैऱ्यावरही प्रीती करावयास सांगितली आहे, आणि त्याचे कारण फार साधे दिले आहे. सूर्य बऱ्याच्या अंगणात उगवतो आणि वाइटाच्याही अंगणात उगवतो, पाऊस दोघांच्याही शेतात पडतो. देव जर निवड करीत नाही तर तुम्ही का करता, असा तो रोख आहे. रानातल्या फुलांचाही दाखला त्यात आहे. ती सूत कातीत नाहीत, तरी राजा शलमोनाचे वस्त्रही त्यांच्यापुढे फिके, असा त्याचा भाव. टिळकांना पुढे महाराष्ट्राने फुलामुलांचा कवी म्हणून ओळखले. फुलांसाठी वेडा झालेला माणूस येथे अडकला यात आम्हांला नवल वाटत नाही.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत भेंडीबाजारच्या अमेरिकन मिशनच्या देवळात टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. गोऱ्या पाद्र्याच्या हातून घ्यावयाचा नाही, आपल्या माणसाच्या हातून घ्यावयाचा, असा त्यांचा आग्रह होता. तो ज्यांच्या हातून झाला त्यांचे नाव तुकाराम नथूजी. नावाचा हा योग आम्हांला मोठा विलक्षण वाटतो. कारण टिळक स्वतः पुढे सांगत असत की आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो ते तुकोबांच्या पुलावरून आलो. ज्याच्या मनात अभंग मुरलेला नाही त्याला हे कळावयाचे नाही. देव दूर नाही, देव बोलतो, रुसतो, भेटीवाचून भक्ताचा जीव तळमळतो, आपण पापी असलो तरी तो टाकीत नाही, हे सारे तुकोबांनी त्यांना आधीच शिकवून ठेवले होते. पुस्तक परक्या देशातून आले. ते वाचावयाचे डोळे देहूचे होते.

आता या चरित्रातला कठीण भाग. टिळकांनी हे केले ते पत्नीला न सांगता. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या, पदरी लहानगा दत्तू. बातमी आली तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही; कुंकू लावावयाचे, पण संसार नाही. अशी चार-पाच वर्षे त्या बाईने काढली. आणि वाचकहो, त्यांतला काही काळ त्यांनी काढला तो आपल्या पंढरपुरास, बहिणीच्या कुटुंबाबरोबर. टिळक तेथेही त्यांना भेटावयास आले होते.

आम्ही पंढरपुरास असतो तेव्हा महाद्वाराच्या पायऱ्या उतरून चंद्रभागेकडे जाताना कितीदा तरी ही बाई डोळ्यांपुढे उभी राहते. आषाढीला दिंड्या येत होत्या, टाळ वाजत होते, आणि त्या गर्दीत एक तिशीही न गाठलेली बाई उभी होती, जिच्या नवऱ्याला विठोबाच्या लाडक्या तुकयानेच जणू दुसऱ्या दारी नेऊन सोडले होते. विठोबापुढे तिने काय मागितले असेल? परत आण म्हणाली असेल की मला तिकडे ने म्हणाली असेल? आम्ही कल्पना करतो एवढेच.

येथे आम्ही टिळकांचा पक्ष घेत नाही. देवाचे प्रेम सापडले म्हणून बायकोला अंधारात ठेवावे हे आम्हांला पटलेले नाही. पण आम्ही न्याय करावयास बसावे तर तुकोबांच्या घरीही जावे लागेल. जिजाई भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन चढत होती, पायात काटे मोडीत होते आणि तुकोबांना भुकेची शुद्ध नव्हती. जिजाईच्या शिव्यांना आम्ही कीर्तनात हशा मिळवितो. तिच्या पायातल्या काट्यावर फार थोडे कीर्तनकार थांबतात. देवाचे वेड ज्याला लागते त्याचे भाडे घरच्या माणसाला भरावे लागते, ते दोन्ही धर्मांत सारखेच.

फरक पडला तो पुढे. टिळकांनी पत्नीचा माग सोडला नाही. पत्रे लिहिली, कविता लिहिल्या, भेटी घेतल्या. तू ख्रिस्ती हो असा जुलूम केला नाही. अखेर लक्ष्मीबाई नगरला नवऱ्याकडे आल्या, त्या आपले सोवळे घेऊनच आल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी ते चालवून घेतले. एके दिवशी त्या बाईच्या मनात आपले आपणच विचार आला. देवाने बैल वेगळा केला, घोडा वेगळा केला, तो पाहताच कळतो. ब्राह्मण आणि महार यांच्या अंगावर अशी खूण देवाने कोठे केली आहे? खूण नाही, तर मग भेद केला कोणी? झाले. जलालपूरचे ते धुऊन धुऊन झिजलेले सोवळे एका विचारासरशी गळून पडले. यापुढे कोणाच्याही हातचे खाईन, असे त्यांनी ठरविले आणि तसे केलेही. बाप्तिस्मा नंतर, 1900 साली. आधी माणूस माणूस दिसला, मग देव दिसला, हा त्यांचा क्रम. ही सारी हकीकत त्यांनी आपल्या 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात लिहून ठेविली आहे. 1934 पासून त्याचे भाग प्रसिद्ध झाले. आत्मचरित्र कसे लिहावे हे ज्याला शिकावयाचे त्याने ते वाचावे. आमच्या ऐकण्यात शास्त्री-पंडितांचेही इतके स्वच्छ मराठी नाही.

टिळकांचे पुढील आयुष्य बहुतांशी नगरला गेले. अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशाळेत त्यांनी पाद्री होऊ पाहणाऱ्या तरुणांना शिकविले. 1904 साली त्यांना स्वतःला पाळकाची दीक्षा मिळाली. 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी भागाचे संपादन त्यांनी केले. दुष्काळात अनाथ झालेली मुले त्यांच्या घरात आली, वाढली. नवे कवी येऊन राहिले. त्र्यंबक बापूजी ठोमरे, ज्यांना आपण बालकवी म्हणून ओळखतो, ते या घरात मुलासारखे वावरले. लक्ष्मीबाईंच्या चुलीवर कोण कोण जेवले याचा हिशेब नाही.

पण आमच्या वाचकांना महत्त्वाचे ते निराळेच आहे. टिळक ख्रिस्ती देवळात गेले तेव्हा तेथे काय ऐकू येई? विलायती चालींवर बसविलेली, ओढून ताणून मराठी केलेली गाणी. आमच्या एका स्नेह्याच्या शब्दांत सांगावयाचे तर धोतरावर हॅट. टिळकांनी त्या देवळात अभंग आणला, ओवी आणली, टाळ-मृदंगाला जागा केली, भजन-कीर्तनाचा आग्रह धरला. मराठी ख्रिस्ती मंडळीच्या उपासना-संगीतात एकट्या टिळकांची पदे अडीचशेच्या घरात आहेत. आणि त्या पदांत त्यांनी ख्रिस्ताला काय म्हटले? माउली म्हटले. गुरुमाउली म्हटले. ख्रिस्ती शास्त्रात देव पिता आहे. युरोपात सहाशे वर्षांपूर्वी जूलियन नावाची एक एकांतवासी इंग्रज बाई ख्रिस्ताला आई म्हणून गेली, अशी आणखीही उदाहरणे आहेत, पण ती थोडी. मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी मात्र टिळकांनी हा शब्द सहज घातला, कारण तो त्यांना शोधावा लागला नव्हता. ज्ञानोबांना आपण तेच म्हणतो, विठोबाला तेच म्हणतो. लहानपणीच ज्याची आई गेली त्याला तो शब्द आळंदी-पंढरीच्या वाटेवर पडलेला सापडला.

हिंदी ख्रिस्ती माणसाला संतांची वाणी हाच जुना करार आहे, असे टिळकांचे मत होते. म्हणजे ज्यूंना मोशे आणि संदेष्टे, तसे आम्हां मराठी लोकांना ज्ञानदेव, नामदेव, तुकाराम. काही मिशनरींना हे रुचले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांलाही ते सर्वस्वी रुचत नाही. आमच्या ज्ञानोबांना दुसऱ्या कोणाच्या आगमनाची तयारी म्हणून वापरलेले आम्हांला कसे चालेल? ज्ञानेश्वरी ही पायरी नव्हे, ते घर आहे. पण त्या काळी कित्येक सुशिक्षित हिंदू तरुण अभंगांना अडाण्यांची गाणी समजून हसत होते आणि त्याच वेळी एक ख्रिस्ती पाळक देवळात उभा राहून तुकोबांचे ऋण मोकळेपणी सांगत होता, हेही विसरता येत नाही.

आता त्या माळकरी बाबांच्या प्रश्नाकडे वळू. प्रेम तेच की निराळे?

टिळकांच्या चरित्रावरून पाहता दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की ख्रिस्ती माणूस ज्याला देवाचे प्रेम म्हणतो त्यात देव आधी निघतो. शंभर मेंढरांतले एक हरवले म्हणून मेंढपाळ नव्याण्णव सोडून रानात जातो. घर सोडून पैसा उधळून आलेला मुलगा दूरवर दिसताच म्हातारा बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. दोन्ही दृष्टांत येशूने सांगितलेले. ग्रीक भाषेत त्यांच्या ग्रंथात या प्रेमाला अगापे असा शब्द आहे. लायकी न पाहता दिलेले प्रेम, असा त्याचा अर्थ त्यांचे पंडित करतात. यात आपल्याला परके काय आहे? जनाबाईने दळण मागितले नव्हते, देव येऊन जात्याला बसला. चोखोबाच्या बरोबर ढोरे ओढावयाला देव गेला. नाथांच्या घरी बारा वर्षे श्रीखंड्या होऊन कावडी वाहिल्या. पुंडलिकाने तर बोलाविलेही नव्हते. देव आपण होऊन आला आणि विटेवर थांबला. देवाने आधी निघणे आपल्याकडेही आहेच.

दुसरी गोष्ट मात्र निराळी, आणि ती आम्ही लपविणार नाही. ख्रिस्ती प्रेमाच्या मध्यभागी क्रूस आहे. देव माणसासाठी राबतो एवढ्यावर ते थांबत नाहीत. देव माणसाच्या हातून मारला जातो, आणि मारणाऱ्यांना क्षमा करीत मरतो, असे ते मानतात. आपला विठोबा कमरेवर हात ठेवून उभा आहे, समचरण, प्रसन्न. त्याच्या अंगावर जखम नाही. ख्रिस्ताच्या हातावर आहे. त्या जखमेपाशी टिळक हेलावले. पापाचे ओझे, त्याचे मोल कोणी तरी भरले, ही कल्पना वारकरी मनाला अनोळखी आहे; आपल्याकडे नामाने पाप जळते, त्याचे मोल कोणाला भरावे लागत नाही. आम्ही नामावर आहोत आणि नामावरच राहू. तरी पण त्या जखमेकडे पाहून ज्याच्या डोळ्यांत पाणी येते त्याला हसण्याचे धाडस आमच्याने होत नाही.

हे आम्ही आज म्हणतो. नेहमी असे नव्हतो. सांगून टाकतो. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, आम्ही नुकतेच पाठशाळेतून बाहेर पडलो होतो, सोलापुरातल्या गिरणी कामगारांच्या एका चाळीत हरिनाम सप्ताह होता. काल्याच्या कीर्तनाला चाळीच्या टोकाला राहणारी एक ख्रिस्ती म्हातारी येऊन कडेला बसली होती. तिचा मुलगा गिरणीत होता. कीर्तनभर ती डुलत होती. शेवटी सारे एकमेकांच्या पाया पडू लागले, तशी तीही वाकत वाकत आमच्यापर्यंत आली, आणि आम्ही पाय मागे घेतले. वारकऱ्याने! ज्या पंथात ज्याच्या त्याच्या पायावर डोके ठेवतात त्या पंथाच्या कीर्तनकाराने! ती बिचारी ओशाळली, जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि निघून गेली. काल्याची लाही तिने घेतली की नाही हे आम्ही पाहिले नाही. त्या वेळी आम्ही मनाची समजूत घातली की तिचा धर्म निराळा, तिलाच ते चालणार नाही. खोटे होते ते. आमच्या अंगातले जलालपूर होते.

पुढे 'स्मृतिचित्रे' हाती आले आणि लक्ष्मीबाईंच्या सोवळ्याची हकीकत वाचताना ती म्हातारी आठवली. आम्ही चाळीत गेलो. तोवर गिरणी बंद पडली होती, निम्मी बिऱ्हाडे पुण्या-मुंबईकडे पांगली होती; ते कुटुंब कोठे गेले हे शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हते.

नाथमहाराजांनी गोदावरीच्या तापल्या वाळूतून महाराचे पोर उचलून कडेवर घेतले, त्याला आता चारशे वर्षांहून अधिक काळ लोटला. पंढरपूरच्या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या भाविकांना उघडावे म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना दहा दिवस प्राण पणाला लावून उपास करावा लागला, तेव्हा कोठे ते उघडले. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, आणि चोखोबांची लेकरे पायरीच्या बाहेर! टिळक गेले ते 1895 साली. त्या वेळी ते दार बंद होते. टिळकांनी धर्म सोडावयास नको होता, असे आमच्यातले पुष्कळ जण म्हणतात, आणि आम्हांलाही तसे वाटल्यावाचून राहत नाही. पण त्यांना थांबवावयाला आपल्यापैकी कोणी नाथांसारखा वागून दाखविला असता तर आपल्याला तसे म्हणावयाचा अधिकार आला असता.

शेवटच्या काळात टिळकांना मिशनच्या चौकटीतही राहवेना. 1917 साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' नावाचा आश्रम उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती. येशूवर प्रीती असली म्हणजे पुरे. स्वतः ते संन्याशासारखे राहू लागले. हा मनुष्य एका कुंपणातून निघून दुसऱ्या कुंपणात गेला होता, असे जे म्हणतात त्यांनी हे ध्यानात घ्यावे. कुंपण दिसले की तो अस्वस्थ व्हावयाचा. दरबार फार चालला नाही, कारण प्रकृतीने साथ दिली नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला. वय सत्तावन. आपल्या देहाला अग्नी द्यावा, पुरू नये, अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे दहन झाले आणि अस्थी नगरला नेण्यात आल्या.

1909 पासून ते 'ख्रिस्तायन' नावाचे ओवीबद्ध महाकाव्य लिहीत होते. ओवीत ख्रिस्तचरित्र ही गोष्ट मराठीला अगदीच नवी नव्हती. गोमंतकात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 1616 साली रायतूर येथे 'क्रिस्तपुराण' छापविले, त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. टिळकांना मात्र तेवढे आयुष्य मिळाले नाही. दहा-अकरा अध्याय झाले आणि लेखणी थांबली. ती उचलली कोणी? लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईला नवऱ्याने हे सारे न सांगता केले होते, जिने त्या पायी पंढरपुरात दिवस काढले, जिला शाळेचे तोंड कधी दिसले नाही, तिने पन्नाशी ओलांडल्यावर एकामागून एक चौसष्ट अध्याय लिहिले आणि नवऱ्याचा ग्रंथ पुरा केला. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्या गेल्या. 'ख्रिस्तायन' छापून झाले ते 1938 साली; त्यांना ते पाहावयास मिळाले नाही.

माळकरी बाबांनी हे सगळे ऐकले. मग त्यांनी विचारले की नातीला यातले काय सांगू? आम्ही म्हटले की त्या मैत्रिणीला घरी जेवावयास बोलवा आणि नातीच्या शेजारी पाट मांडा. बाबा हसले. घरच्या बाईला विचारावे लागेल म्हणाले.

आमच्या घरापासून दूध आणावयास जाण्याच्या वाटेवर एक ख्रिस्ती देऊळ आहे. रविवारी सकाळी तेथून भजन ऐकू येते. चाल आपलीच, ठेकाही आपलाच. शब्द कधी टिळकांचे असतात, कधी दुसऱ्या कोणाचे. हातात दुधाचे भांडे असले तरी बोटे ताल धरतात. पद संपेपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहतो, आणि मग दूध घेऊन घरी येतो.